कानसेन

तिने ब्रेकचं पेडल दोनतीनदा दाबलं आणि शेवटी दाबून तसंच धरून ठेवलं.

“धरलंय,” ती खिडकीतून ओरडली.

तिचा नवरा गाडीच्या मागच्या उजव्या चाकाशी पाठ टेकून पडला होता. डावीकडे असता तर दाराच्या आरशात त्याचं कोपर तरी दिसलं असतं. उजवीकडे आरसाच नव्हता, तिकडचं काहीच दिसत नव्हतं. पायाखालचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं, तेव्हा त्याने चाकामागचा हवा सोडायचा निपल सैल केला एवढं तिला कळलं. पेडल तळाला टेकलं. आता तो निपल पुन्हा आवळणार आणि ‘सोड’ म्हणणार, मग पाय उचलायचा. त्याआधी उचलला तर बाहेर काढलेली हवा परत नळीत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

तिने जरा वाट पाहिली, मनाशी अंदाज बांधला आणि पाय उचलला.

तो ‘सोड’ म्हणाला होता की नाही, देव जाणे. तिला ऐकू येत नव्हतं. आधी उजवा कान गेला, मग डाव्यानेही हळूहळू अंग काढून घेतलं. आता समोर बसून कुणी सावकाश बोललं तर ओठांवरून कळे. पाठमोरं माणूस म्हणजे भिंत.

गाडी छप्पन सालची, अमेरिकन. स्टिअरिंग डावीकडे, बॉनेट एखाद्या दिवाणाएवढं आणि मागे माशासारखे दोन पंख. तो ही गाडी भंगारवाल्याच्या आवारातून घेऊन आला तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटला होता आणि तळाला पडलेल्या भोकांतून जमीन दिसत होती. त्यानंतर त्याची प्रत्येक सुट्टी या गाडीत गेली, आणि तो निवृत्त झाल्यावर तर सुट्टी नावाचा प्रकारच उरला नाही. लोक म्हणत, एकट्याने उभी केली. एकट्याने उभ्या केलेल्या या गाडीचे सगळी गादीकव्हरं तिने शिवली होती, पत्रा घासून घासून बोटांची कातडी सोलून घेतली होती आणि ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली की पेडलवर पाय तिचाच असे. ते काम दोन माणसांशिवाय होत नाही. एक चाकाशी पाना घेऊन, एक पेडलवर. दाब, धर, सोड. नवराबायकोत गेल्या कित्येक वर्षांत झालेल्या बोलण्याची बेरीज केली तर निम्म्याहून जास्त हेच तीन शब्द निघाले असते.

जुन्या गाड्यांच्या मंडळात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव सार्थ होतं. कुणाची गाडी कुरकुरायला लागली की त्याला बोलावणं यायचं. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि आजूबाजूचे लोक देवळात असल्यासारखे गप्प व्हायचे. मग तो कुठला व्हॉल्व्ह, कुठलं बेअरिंग ते सांगायचा आणि ते खरं निघायचं. घरात जेवता जेवता रस्त्यावरून गेलेल्या गाडीचं दुखणं तो ओळखायचा. त्याच टेबलाशी समोर बसलेली बायको वर्षभर बहिरी होत चालली होती, तेवढं मात्र त्याच्या कानावर आलं नव्हतं.

तिने सांगितलं नाही हे खरं. मुलीबरोबर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. नस कमजोर झाली आहे, यंत्र बसवू, म्हणाले. मुलीने बाहेर पडल्या पडल्या विचारलं, बाबांना बोललीस का. त्यांचं त्यांनाच कळू दे, असं ती म्हणाली, आणि तोवर यंत्राचंही थांबव म्हणाली. हा तुझा निव्वळ हट्ट आहे, असं मुलगी म्हणाली, आणि तो हट्टच होता. आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं तिने. एकदा, फक्त एकदा, या माणसाने इंजिनावरचा कान उचलून आपल्याकडे वळवावा आणि न सांगता ओळखावं की हिचं काहीतरी बिनसलंय. एवढ्यासाठी ती यंत्राशिवाय राहत होती.

त्याने ओळखण्यासारखं बरंच काही घडलं. टीव्ही इतका मोठा लागे की शेजारीण येऊन सांगून गेली. फोन वाजून वाजून बंद पडत. एकदा त्याने वर्तमानपत्राआडून चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं आणि तिने “उद्या सकाळी” असं उत्तर दिलं. तो खूप हसला. तुझं हल्ली लक्षच नसतं, म्हणाला. वर्षभरात त्याचं निदान याच्या पुढे सरकलं नाही.

आता तो चाकामागून उठला, हात पुसत दारापाशी आला आणि आत वाकून पेडल हाताने दाबून पाहिलं. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. गेले काही दिवस तो याच्याच मागे होता. डावीकडची दोन्ही चाकं साधत होती, कारण तिथे आरसा होता. उजवीकडची साधत नव्हती. त्याने ब्रेकला दाब देणारा मास्टर सिलिंडर उघडला, आतले रबर बदलले, पुन्हा बसवला. झोप उडाली होती त्याची. रात्री कूस बदलत तो काहीतरी पुटपुटे. अंधारात तिला ओठ दिसत नसत, पण काय असेल ते ती सांगू शकली असती.

तो बोलायला लागला तेव्हा तिने नजर त्याच्या तोंडावर ठेवली. सिलिंडरच गेलाय. नवीन परदेशातून मागवावा लागेल. तो येईल तेव्हा येईल, पण रविवारची मंडळाची फेरी काही चुकवायची नाही. हँडब्रेकवर नेईन, सावकाश.

रविवारची फेरी टेकडीवर जाऊन खाली उतरणार होती. तो उतार तिला माहीत होता. हट्ट आपल्या जागी, पण तो हट्ट या माणसाला दरीत घेऊन गेला असता.

“सिलिंडर नाही गेलेला,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

“तुझी कसली?”

“मला ऐकू येत नाही. तुम्ही सोड म्हणता ते मला कळतच नाही. मी अंदाजाने पाय उचलते.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनेही चेहरा वळवला नाही. वर्षभरात ती चेहरे वाचायला शिकली होती. आधी त्याच्या कपाळावर आठी आली. मग ती सुटली, डोळे किंचित मोठे झाले, ओठ विलग झाले. कधीपासून, असं तो विचारेल. कुठला कान, दुखतो का, बोलली का नाहीस. सगळ्याची उत्तरं तयार होती, वर्षभर घोळवलेली. दूध उतू जाताना वासावरून कळतं, हेही सांगायचं होतं. रात्री जाग आली की आपण आहोत की नाही असं वाटतं, हेही.

त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे सिलिंडर चांगला आहे,” तो म्हणाला.

तिला आवाज आला नाही, पण एकेक अक्षर दिसलं. कुणाच्या ओठांवरून इतकं स्वच्छ तिने आजवर वाचलं नव्हतं.

पुढचं सगळं त्याने चुटकीसरशी केलं. हुशार होताच तो. खोक्यातून एक छोटा लाल बल्ब काढला, वायर काढली, बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवला आणि बटण घेऊन उजव्या चाकामागे गेला. जाताना तिच्यासमोर उभा राहून त्याने हातवारे करून समजावलं. लागला की दाबून धर, विझला की सोड. शीळ घालत होता बहुतेक, ओठांचा चंबू झाला होता.

बल्ब लागला. तिने पेडल दाबलं. पेडल तळाला गेलं आणि ती विझायची वाट पाहत बसली. तो लाल ठिपका बघता बघता तिला फार राग आला. इतका, की पाय उचलून टाकावा, सगळी हवा परत जाऊ द्यावी आणि याला जन्मभर त्या चाकामागे लोळत ठेवावा, असं वाटलं. पाय मात्र दाबलेलाच राहिला. त्या पायाला तेवढीच सवय होती.

पेडल दगडासारखं घट्ट झालं. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं, गाडीच्या बॉनेटवर थोपटतो तसं.

रविवारी गाडी टेकडी उतरली, जिथे दाबला तिथे ब्रेक लागला. खाली सगळे गाड्या लावून जमले तेव्हा त्याने मित्रांना बल्ब दाखवला. काढलाच नव्हता त्याने. ती बाजूला उभी होती. त्याचे ओठ भराभर हलत होते, मग सगळ्यांनी एकदम मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा बल्बकडे. एक मित्र तिच्याजवळ आला आणि तान्ह्या मुलाशी बोलावं तसं तोंड मोठं मोठं उघडत म्हणाला, वहिनी, कसला नवरा मिळालाय तुम्हाला. ती हसली. त्याच्या म्हणण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर तिने मुलीला निरोप पाठवला की यंत्राचं बघ, या आठवड्यात जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वायरचं भेंडोळं घेऊन स्वयंपाकघरात आला. ओट्याच्या वर भिंतीत खिळा ठोकला, तसाच एक बल्ब लटकवला, वायर खिडकीतून गॅरेजपर्यंत नेली. परत येऊन तिला खुणा करून सांगितलं. एकदा लागला तर ये. दोनदा लागला तर चहा. सांगताना इतका खूश होता की तिला त्याची कीव आली, आणि मग स्वतःची.

दुपारी ती टेबलाशी बसली होती. समोर काही काम नव्हतं. बल्ब लागला, विझला, लागला, विझला. तिने पाहिलं. ओट्यावर पातेलं होतं, शेजारी चहाचा डबा होता. ती उठली नाही. बल्ब पुन्हा दोनदा लागला. मग भराभर, कितीदा तरी. भिंतीवर लाल उजेड येत होता, जात होता. तिने हात मांडीवर ठेवले आणि ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग तो लागायचा थांबला.

थोड्या वेळाने तो आत आला. कपाळावर ग्रीसचा डाग होता. तिच्याकडे त्याने ओझरतं पाहिलं आणि थेट बल्बाकडे गेला.

“लागला नाही ना?” तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता स्टूल ओढून वर चढला.

स्टूल डगमगत होतं. ती उठली आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलं. त्याने वायर चाचपली, जोड तपासला, मग बल्ब काढून हातात घेतला. आतली तार तुटली असली तर बारीक किणकिण ऐकू येते. त्याने बल्ब कानाशी नेला, डोळे मिटले आणि हलकेच हलवून, श्वास रोखून, तो ऐकत राहिला. ती खाली स्टूल धरून उभी होती.