चोवीस इंचांचं दार

थोरलीचं आणि धाकटीचं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, एकदाचं मोकळं तरी झालं असतं. दोघी सख्ख्या जावा, वर्षानुवर्षं एकमेकींशी गोड बोलत आलेल्या, आणि त्या गोड बोलण्यानेच थोरलीच्या पोटात दुखायचं. धाकटीचे केस न विंचरताही नीट दिसायचे. धाकटीची मुलं न सांगता अभ्यासाला बसायची. धाकटी दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायच्या नोकरीवर होती, संध्याकाळी पर्स झुलवत घरी यायची. थोरली मात्र घरातच मशीन टाकून लोकांचे पडदे आणि शाळांचे गणवेश शिवायची. गळ्यात टेप अडकवलेली ती जेवायला बसली तरी टेप काढायची नाही.

दोघा भावांनी वडिलांचं घर विकलं आणि गावाबाहेर उभ्या राहणाऱ्या एकाच इमारतीत दोन घरं घेतली. धाकटीचं तिसऱ्या मजल्यावर, थोरलीचं बरोब्बर त्याच्या डोक्यावर चौथ्या. नकाशा सारखा, खिडक्या सारख्या, पैसे सारखे. आता हिला माझ्यापेक्षा जास्त काही मिळणारच नाही, ह्या विचाराने थोरलीला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली होती.

सासूबाई थोरलीकडे असायच्या. सतरा वर्षं. गुडघे गेल्यापासून त्या वॉकर धरून चालायच्या, आणि रोज सकाळी त्यांना अंघोळ घालायचं काम थोरलीचं. स्टुलावर बसवायचं, पाठ चोळायची, मग उजवा हात पुढे करायचा. सासूबाई तो घट्ट धरून उठायच्या. ह्या कामाबद्दल थोरली कुरकुरायची, अगदी मनापासून कुरकुरायची. माझी कंबर गेली, माझी सकाळ गेली, आता दुसऱ्या कुणीतरी बघावं बाई, हे तिचं पालुपद सगळ्या नात्यात पाठ होतं. पण एकदा नणंद महिनाभर राहायला आली आणि म्हणाली, मी घालते आईला अंघोळ, तर थोरलीने तिला बाथरूमच्या दारातूनच परत पाठवलं होतं. तुला नाही जमायचं, म्हणाली. कुरकुर करायचा हक्क तिला सोडायचा नव्हता आणि कामही सोडायचं नव्हतं.

एक दिवस धाकटीचा फोन आला. आईंची मापं हवी होती, थोरलीच्या मापांच्या वहीतली. उंची सांगून झाली, खांदा सांगून झाला. मग धाकटीने विचारलं, हात खाली सोडून उभ्या राहिल्या की मनगट जमिनीपासून किती वर येतं? आणि बसल्यावर गुडघा किती उंच? कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, आहे एक काम, नंतर सांगते.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आईंचे कपडे आता बाहेरच्या महागड्या दुकानात शिवायला टाकणार! घरात शिवणारी असताना! बावीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं की मनगट जमिनीपासून किती वर आहे हे माप कुठल्याच कपड्याला लागत नाही. पण तेवढा विचार करायला डोकं ठिकाणावर हवं. तिने सासूबाईंना उभं केलं, टेप लावला, एकतीस इंच असं तुटक आवाजात सांगितलं, मग बसवून गुडघ्याचंही माप सांगितलं आणि फोन ठेवून दिला. त्या दुकानाची शिलाई उसवली की माझ्याकडेच येतील, असं ती मशीनला सांगत राहिली.

पंधरा दिवसांनी बिल्डरच्या ऑफिसात जायची तिची पाळी आली. घर जसं ठरलंय तसं ठरल्या पैशांत मिळायचं, पण त्याहून बरं काही हवं असेल तर जादा पैसे भरून ते आत्ताच, भिंती चढायच्या आधी सांगायचं, अशी तिथली पद्धत. ओट्यांचे तुकडे, फरशांचे चौकोन, नळांच्या तोट्या, कपाटांची दारं असं सगळं भिंतीवर टांगून ठेवलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने आडनाव विचारलं, फाईल काढली आणि आधीच भरलेला फॉर्म समोर सरकवून पाणी आणायला आत गेली. आडनाव बरोबर होतं. मजला तिसरा होता.

शहाण्या बाईने फॉर्म परत सरकवला असता. थोरलीने चष्मा लावला.

पांढरा दगडी ओटा. हळूच बंद होणारे ड्रॉवर. हॉलमध्ये लाकडी जमीन. खिडकीखाली बसायचा कट्टा. धाकटीचं अक्षरसुद्धा मेलं सुबक, एकाखाली एक, खाडाखोड नाही. आणि आपण? आपण नवऱ्याला सांगून आलो होतो की काळा ओटा चालेल, डाग दिसत नाहीत. तिच्या डोळ्यांसमोर नव्या घराचा पहिला दिवस उभा राहिला. नातेवाईक आधी तिसऱ्या मजल्यावर जाणार, वा वा करणार, मग जिना चढून वर येणार आणि म्हणणार, हेही छान आहे हो. ते ‘हेही’ तिला आत्ताच ऐकू आलं. हेव्याने तिचे कान तापले.

फॉर्म दोन पानी होता, कोपऱ्यात टाचणी होती. पण आतून पावलं वाजली आणि तिने तो झटकन पालथा करून ठेवला. दुसरं पान तिने पाहिलंच नाही.

मुलगी चूक लक्षात येऊन ओशाळली, कोरा फॉर्म घेऊन आली. थोरलीने पांढरा ओटा लिहिला. ड्रॉवर लिहिले. लाकडी जमीन, कट्टा, सगळं ओळीने लिहिलं. मग एवढ्यावर थांबेल ती थोरली कसली? बरोबरीत राहून काय मिळणार होतं? तिने विचारलं, स्वयंपाकघरात ह्याच्याहून जास्त काय करता येतं? मुलीने एक चित्र दाखवलं. भिंतीत खोल कोनाडा, त्यात दोन दारांचा मोठा फ्रिज, दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं. तिसऱ्या मजल्यावर कुणी घेतलंय का हे, असं थोरलीने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. मुलगी म्हणाली, अख्ख्या इमारतीत अजून कुणीच नाही.

मग तिथल्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने पेन्सिलीने नकाशावर रेघ मारून दाखवली. कोनाडा मागच्या बाथरूममध्ये घुसणार, त्यामुळे बाथरूम थोडं आवळणार आणि दाराची चौकटही सरकणार. तिचा नवराही एव्हाना येऊन पोचला होता. तो बस डेपोत मेकॅनिक, बोलणं कमी, पण तेवढ्यात त्याने विचारलं की बाथरूम लहान करून चालेल का आपल्याला.

“बाथरूममध्ये कोण नाचणार आहे?” थोरली म्हणाली आणि तिने सही ठोकली.

घरी येताना ती खुशीत होती. सासूबाईंना तिने कोनाड्याचं वर्णन करून सांगितलं, हात पसरून फ्रिजची रुंदी दाखवली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की नव्या घरात अंघोळीला स्टूल हेच न्यायचं का. थोरली म्हणाली, स्टूल हेच आणि हातही हेच, तुम्हाला काय काळजी?

तीन महिन्यांनी भिंती बघायला बोलावलं तेव्हा थोरली मुद्दाम आधी तिसऱ्या मजल्यावर थांबली. धाकटीच्या स्वयंपाकघरात कोनाडा नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नव्हता. तिचा जीव थंड झाला. मग परत फिरताना बाथरूमच्या दाराशी तिची नजर अडली. दार भलतंच रुंद होतं. गळ्यातला टेप आपोआप हातात आला. छत्तीस इंच. आत उंबरा नव्हता, जमीन सपाट होती आणि पाय रोवला तरी घसरत नव्हता. कोपऱ्यात बसायला कट्टा बांधला होता आणि भिंतीवर स्टीलचा जाड दांडा बसवून झाला होता. तिने दांड्याची उंची मोजली. एकतीस इंच. कट्ट्याची मोजली. तेही माप तिनेच फोनवर सांगितलेलं होतं. त्या फॉर्मचं न पाहिलेलं दुसरं पान तिच्यासमोर बांधून तयार होतं.

ती दोन दोन पायऱ्या चढत चौथ्या मजल्यावर गेली. कोनाडा ऐसपैस होता. त्याच्या मागे आवळलेल्या बाथरूमला जेमतेम दार होतं. तिने टेप लावला, पुन्हा लावला, खाली लावला, वर लावला. चोवीस इंच. सासूबाईंचा वॉकर पंचवीस इंच होता. त्याला पिशवी तिनेच शिवली होती, तिला माप पाठ होतं.

धाकटी मागून जिना चढून आली होती. थोरलीने वळूनही न बघता विचारलं, हे कधी ठरलं?

धाकटी गडबडली. मग तिने सगळं सांगितलं. इतकी वर्षं तुम्ही म्हणताय, कंबर राहिली नाही, आता दुसऱ्या कुणीतरी बघावं. आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो, त्याची लाज वाटली. म्हणून म्हटलं, नव्या घरात आईंना खाली आणायचं. पण तुम्हाला विचारायचं धाडस होत नव्हतं.

“मग ऑफिसातल्या त्या मुलीने तुमचा नकाशा दाखवला, ताई. बाथरूम एवढं लहान करून घेतलंत. मला वाटलं, तुम्हाला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून असं सांगताय.”

थोरलीला वाटलं, हिच्या झिंज्या उपटाव्यात. मग वाटलं, हिचे पाय धरावेत. दोन्ही झालं नाही. मला त्या हव्यात, एवढे तीन शब्द बोलायचे होते, आणि सतरा वर्षं उलटंच बोलत आलेल्या तोंडाला ते येईनात. ती म्हणाली, “बरं केलंस.”

धाकटी गेल्यावर मात्र तिने इंजिनिअरला गाठलं. कोनाडा बुजवा, दार मोठं करा, काय लागेल ते करा. तो म्हणाला, आता नाही जमायचं. चौकट सरकवल्यामुळे वरून येणारे सगळे पाइप त्या भिंतीतून उतरवलेत, भिंत फोडली तर खालच्या सगळ्या घरांचं पाणी बंद पडेल. सही तुमचीच आहे ना, असंही त्याने विचारलं. तो चांगला माणूस होता, टोमणा मारत नव्हता. थोरली टेप परत गळ्यात अडकवून घरी आली.

त्या दिवशी सासूबाईंना अंघोळ घालून झाल्यावर तिने विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? वर की खाली? सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, धाकटीने सांगितलं होतं.

“मला कुठेही ठेवा,” त्या म्हणाल्या. “दारात तेवढी अडकवू नका.”

सामान हललं तेव्हा सासूबाईंचा पलंग तिसऱ्या मजल्यावर उतरला. नातेवाईक आले. तिसऱ्या मजल्यावर वा वा झालीच, पण चौथ्यावर कोनाडा बघून सगळ्यांचे डोळे विस्फारले, आणि ‘हेही’ म्हणून कुणी म्हणालं नाही. मामेसासरे तर फ्रिजची दोन्ही दारं उघडून आत डोकावून आले. धाकटी स्वतः म्हणाली, ताई, स्वयंपाकघर तुमचंच एक नंबर. ज्या क्षणासाठी थोरलीने एवढा आटापिटा केला होता तो आला, आणि ती ओट्यापाशी उभी राहून खालून वॉकरचा आवाज येतो का ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि जिना उतरली. धाकटी कामावर गेली होती, किल्ली थोरलीकडे होती. ठरलंच होतं तसं. अंघोळ मीच घालणार, असं तिने बजावून सांगितलं होतं आणि धाकटीने लगेच मान डोलावली होती. येताना ती मनातल्या मनात आजची कुरकुर ठरवत होती. एक मजला उतरा, एक मजला चढा, माझ्या गुडघ्यांचं कुणाला काही आहे का?

घरात शिरली तर पलंग रिकामा होता. बाथरूममधून खुडबुड ऐकू येत होती. ती धावली. रुंद दारातून वॉकर सरळ आत गेलेला होता आणि सासूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, न्हाऊन, अंग पुसून, गाऊनची वरची दोन बटणंही लावून. पहिल्यांदाच सायकल चालवता आलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

“बघितलंस? सगळं माझं मी केलं,” त्या म्हणाल्या.

मग त्या उठायला लागल्या. थोरलीचा उजवा हात सवयीने पुढे गेला. सासूबाईंचा हात त्याच्या शेजारून निघून गेला आणि त्याने दांडा धरला. एकतीस इंचांवरचा दांडा त्यांच्या मनगटाला असा बसला की त्यांना वाकावंही लागलं नाही, कण्हावंही लागलं नाही. त्या एका दमात उभ्या राहिल्या.

“सुटलीस गं बाई तू आता,” सासूबाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. तिचा गाल कुरवाळून वॉकर ढकलत बाहेर गेल्या.

थोरली तिथेच उभी राहिली. आयुष्यभर तिने धाकटीच्या केसांचा हेवा केला होता, मुलांचा केला होता, नोकरीचा, अक्षराचा, ओट्याचा केला होता. आज तिला त्या स्टीलच्या दांड्याचा हेवा वाटत होता, आणि तो आजवरच्या सगळ्या हेव्यांहून जास्त बोचत होता. बाहेरून सासूबाईंनी हाक मारून विचारलं, चहा तू टाकतेस की मी टाकू? ती म्हणाली, आलेच. खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने त्या दांड्यावरचं पाणी पुसून काढलं.