शिलाई : दादा

कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटला होता. पण कुठलाही कपडा टेबलावर पसरायचा, बोटांनी चाचपायचा आणि हुबेहूब कागदी साचा काढून द्यायचा, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्रेसष्ट वर्षांचं वय, कानामागे खडू, गळ्यात टेप. बोलणं कमी. बोललं की आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटायचं, आणि बरेचदा ते खरंही असायचं.

त्या वर्षी फाटक्या कपड्यांची फॅशन परत आली. कपडे ठरवणारी नवी मुलगी, जिला शिलाईच्या बायका चष्मेवाली म्हणत, तिने भिंतीवर जुनी छायाचित्रं लावली. विस्कटलेले केस, चिरलेल्या बाह्या, जॅकेटवर ओळीने टोचलेल्या सेफ्टी पिना, पाठीवर फासलेला रंग.

"एवढंच ना?" पहिल्या मशीनवरची बाई म्हणाली. "आमच्याकडची पायपुसणी आणते उद्या."

"माझ्या नवऱ्यालाच उभा करा," दुसरी म्हणाली. "फाडायचेही कष्ट नकोत."

मास्तरांनी तीन नमुने केले. चष्मेवालीने तिन्ही उलटसुलट पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"मास्तर, तुम्ही भोकं टेपने मोजून पाडलीत का हो?"

मास्तरांनी गळ्यातली टेप चाचपली. मोजूनच पाडली होती. प्रत्येक दोन इंचांचं.

"तुमचं फाटलेलंसुद्धा इस्त्री केल्यासारखं दिसतं!"

सगळ्याजणी खदखदून हसल्या. मास्तरांचे कान तापले. आणि जे पस्तीस वर्षं घशाखाली दाबून ठेवलं होतं, ते तेवढ्याशा हसण्याने बाहेर आलं.

"माझ्याकडे खरं आहे एक," ते म्हणाले. "त्या काळातलं."

चष्मेवालीचे डोळे चमकले. "अस्सल? मास्तर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात की!"

असं कौतुक त्यांच्या वाट्याला फार वर्षांनी आलं होतं. ते त्यांना गोड लागलं, हे कबूल करायला हवं.

जॅकेट त्यांच्या जुन्या मशीनच्या लाकडी पेटीत होतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर सुतळी. ते त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचं होतं.

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कुणाचा तरी जुना काळा कोट आणून तिने त्याची बाही कापली, खांदा फाडला, पिना टोचल्या, पाठीवर लाल रंगाने एक ओरडणारं तोंड काढलं. तिघी मैत्रिणींना घेऊन ती गाण्याचे कार्यक्रम करायची. गाणं कसलं, शेजाऱ्यांच्या मते नुसती बोंबाबोंब. मास्तरांनी नुकतंच स्वतःचं दुकान थाटलं होतं. पाटीचा रंग ओला होता. आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक टोमणा मारून जायचं: "टेलरच्या घरात चिंध्या घालून हिंडतात होय? बहिणीला धड शिवून देत नाही, तो आम्हाला काय देणार?"

एका दुपारी धुऊन वाळलेलं जॅकेट गच्चीवर दोरीला होतं. मास्तरांनी ते काढलं, गुंडाळलं आणि पेटीत टाकलं. बहिणीने विचारलं तेव्हा म्हणाले, "मला काय माहीत? नेलं असेल कोणीतरी."

तिने तीन दिवस शोधलं. गच्चीची किल्ली खालच्या काकूंकडे असायची, म्हणून तिने त्यांच्या दारात उभं राहून त्यांना चोर म्हटलं. काकू रडल्या. मास्तर जिन्यात उभे होते. दोन पायऱ्या उतरले असते तरी पुरलं असतं. ते वर गेले. महिन्याभरात बहिणीचे कार्यक्रम थांबले, आणि पुढे दुकानही बसलं. पण त्यांनी पेटी कधी उघडली नाही.

आता ते जॅकेट कारखान्याच्या टेबलावर पसरलं होतं आणि सगळ्याजणी मशीन सोडून भोवती उभ्या होत्या. चष्मेवाली देवदर्शन घेत असल्यासारखी बघत होती. तिने कोट उलटा केला. काखेखाली, अस्तरावर, न पुसणाऱ्या शाईने काहीतरी लिहिलं होतं. तिने मोठ्याने वाचलं.

"ढमढम. काडी. घुबड. तिखट." मग खाली, जरा मोठ्या अक्षरांत: "शिलाई : दादा."

मास्तरांच्या हातातली टाचणी खाली पडली. वरची चार त्या चौघी मैत्रिणींची टोपणनावं होती; पण खालची ओळ त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. बटणं तुटली होती म्हणून एकदा, पुष्कळ कुरकुर करत, त्यांनी त्या कोटाला जुन्या बॅगेची पितळी चेन बसवून दिली होती. एवढंच. तेवढ्यासाठी तिने त्यांना आपल्यात घेतलं होतं.

"हा दादा कोण, मास्तर?"

"असेल कोणीतरी," मास्तर म्हणाले.

पस्तीस वर्षांत त्यांचं उत्तर फारसं बदललं नव्हतं.

"आतलं लिखाण काढू या," त्यांनी दुसऱ्या दिवशी सुचवून पाहिलं. "आतून कोण बघतं?"

"अहो, तेच तर खपणार आहे!" चष्मेवाली म्हणाली. "अस्तरावर जसंच्या तसं छापायचं. अक्षरसुद्धा तेच."

चारशे जॅकेटं निघाली. मास्तरांनीच साचा काढला. चिरा, पिना, चेन, कुठे केसभर फरक नाही. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्यांनी त्या आठवड्यात केलं आणि जेवण मात्र एकदाही गोड लागलं नाही.

जॅकेटं दुकानात लागायच्या आत बहिणीला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. दर रविवारी ते तिच्याकडे चहाला जात. ती आता दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर होती. केस घट्ट बांधलेले, टेबलावरची पेनंसुद्धा एका रेषेत. पहिल्या रविवारी त्यांनी लिंबं नेली आणि लिंबांविषयी बोलून परत आले. दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला.

"दादा, काही सांगायचंय का तुला?" तिने विचारलं.

"वायसर झिजलाय," ते म्हणाले.

तिसऱ्या रविवारी चहाचा पहिला घोट घेतला आणि दार उघडून भाची आत आली. अंगात काळं जॅकेट, पाठीवर लाल तोंड.

"आई, बघ! शेवटचं मिळालं! मामा, कसं आहे?"

मामांना ठसका लागला. बहीण आधी हसली.

"अगं बाई, डिट्टो! असंच होतं माझं. अगदी असंच." ती उठून लेकीभोवती फिरली. तिचा चेहरा एकदम कोवळा झाला होता. "मी घालायचे तेव्हा लोक थुंकायचे, आणि आता हे काचेत मांडतात. आमच्या खालच्या काकूंनी ढापलं माझं. मेल्यावर वाईट बोलू नये, पण—"

"काकूंनी नाही," मास्तर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही. ते पुन्हा म्हणाले, "काकूंनी नाही. मी नेलं."

"काय नेलंस?"

"जॅकेट. दोरीवरून. दुकानात लोक हसायचे. माझ्या पेटीत होतं इतकी वर्षं. आणि आता..." त्यांनी भाचीकडे बोट केलं. "हे मीच कारखान्यात दिलं. नमुना म्हणून. आतून बघ."

भाचीने जॅकेट काढून आईच्या हातात दिलं. बहिणीने अस्तर उलटलं. आपलंच अक्षर ती बराच वेळ वाचत राहिली, जणू कोणा परक्याचा अर्ज खिडकीतून आत आला आहे.

"काकू गेल्या," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा सगळे गेले भेटायला. मी गेले नाही. तू गेलास ना, दादा?"

"हो."

"त्यांच्या मुलांसमोर बसलास?"

"हो."

तिने आपला कप बशीत नीट मधोमध ठेवला. रागावली असती, कप फेकला असता, तर बरं झालं असतं. मास्तर आपल्या पायांकडे बघत बसले. मोज्याला भोक होतं आणि अंगठा बाहेर आला होता; तो आत ओढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"माझं कुठाय?"

"कारखान्यात. खुंटीवर."

"उद्या आण. आणि टाके उसवायची कात्री आण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी जॅकेट तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिने ते जवळ घेतलं नाही. बोटाने पितळी चेन दाखवली.

"ही तुझी. काढ आणि घेऊन जा."

"अगं, चेन काढली तर बंद कसं—"

"काढ."

मास्तरांनी चष्मा लावला. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी दुहेरी टीप मारली होती, कुरकुर करत का होईना, पण काम पक्कं केलं होतं. एकेक टाका कात्रीच्या टोकाने उचलावा लागत होता. बहीण समोर बसून प्रत्येक टाका बघत होती. भाची दाराशी उभी होती. बसावं की जावं, तिला कळत नव्हतं.

"आणि ते नाव?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं. "ते पण खोडू?"

"ते मी लिहिलंय. तू हात लावायचा नाहीस," बहीण म्हणाली. "आणि खोडून काय होणार? चारशेजणींच्या अंगावर घातलंस की. मिरव आता."

चेन अर्ध्यावर आली तेव्हा कात्री घसरली.

"हळू!" ती सवयीने ओरडली. "फाटेल ना!"

दाराशी भाची फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. त्या कोटात धड असा वीतभरही कपडा नव्हता. बहिणीच्या ओठांचा कोपरा हलला. पण तिने तोंड फिरवलं आणि चहा ठेवायला म्हणून आत गेली. किती कप ठेवणार, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी पुढचा टाका उचलला.