दोन कड्या

ठकीचा हात एकदम हलका झाला. सुकाणूचा दांडा तिच्या मुठीतच होता, पण त्याला काही वजनच उरलं नव्हतं.

"वहिनी, होडी ऐकत नाहीये!"

पुढे छोट्या शिडाची दोरी धरून बसलेल्या वहिनीने मागे वळून पाहिलं. सुकाणू होडीच्या मागच्या फळीवर दोन कड्यांत अडकवलेलं असतं, दार बिजागरीवर असतं तसं. त्यातली खालची कडी स्क्रूंसकट उपटून आली होती आणि सुकाणू वरच्या एकटीवर लोंबकळत गरगरत होतं. पुढच्या लाटेला तेही निसटलं. होडीने वाऱ्याकडे तोंड फिरवलं, मोठं शीड धाडकन या अंगावरून त्या अंगावर आलं आणि दोघी पाण्यात.

होडी सोडून पोहायचं नाही, एवढं दोघींनाही पाठ होतं. त्यांनी होडी सरळ केली, मोठं शीड उतरवलं, आणि वहिनीने छोटं शीड सांभाळलं. ठकी मागे बसून वल्ह्याने दिशा देत राहिली. खांदे भरून आले, पण किनारा गाठला. सुकाणू बचावाच्या मोटरबोटीने खडकांजवळून उचलून आणलं.

दादा धक्क्यावरच उभा होता. होडी त्याची. पाठीचं दुखणं उपटल्यापासून त्याचं पाण्यात उतरणं बंद झालं होतं आणि होडी बायकोच्या नि बहिणीच्या हाती आली होती.

"तुझा हात जड आहे ठके," तो म्हणाला. "दांडा ओढायचा नसतो, नुसता धरायचा असतो. असो. लांब स्क्रू मारू, होईल काम. पुढच्या रविवारी दीपस्तंभाला फेरी मारायची शर्यत आहे, तेव्हा मात्र वहिनीला चालवू दे."

ठकीच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि डोकं मात्र तापलं होतं. ती कपडे बदलून आली आणि म्हणाली, "दुरुस्ती मी करणार. आणि रविवारी दांडाही मीच धरणार."

"बरं बाई," दादा म्हणाला. लांब स्क्रूंची पुडी मात्र त्याने शेडमधल्या टेबलावर ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी ठकीने त्या पुडीला हातही लावला नाही. तिने आधी स्क्रू उपटून आलेल्या भोकात पेचकस घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला काळपट लगदा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. फळीला बाहेरून फायबरची कातडी होती, रंगही छान तुकतुकीत. आतलं प्लायवूड मात्र पार कुजलेलं.

वहिनी दातांची डॉक्टर. दवाखाना आटोपून ती छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन आली, होडीच्या आतलं गोल झाकण उघडून तिने पाहिलं आणि चुकचुकल्यासारखा आवाज केला. "दुखत नव्हतं म्हणून कुणी दाखवायला आणलं नाही. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलंय. नुसतं वरून बुजवलं तर आत कीड वाढतच राहील."

"मग?"

"मग काय, निरोगी भाग लागेपर्यंत कोर."

ठकी कोरत गेली. टकटक केलं की कुजकं लाकूड बद्द वाजायचं, चांगलं खणखणीत. बद्द आवाज काही संपेना. बोटाएवढं भोक तळहाताएवढं झालं तेव्हा ती थांबली. दादाची होडी आपण दुरुस्त करतोय की मोडीत काढतोय? तेवढ्यात दादा आला. काठी टेकत, कण्हत तो स्टुलावर बसला. त्याने भगदाडाची कड बोटाने चाचपली. ठकीने ऐकून घ्यायची तयारी केली.

"वरचीही उघड," तो म्हणाला.

"वरची तर एका बाजूने अजून घट्ट आहे."

"खालचीही घट्टच दिसायची. उघड."

वरच्या कडीमागचं लाकूडही ओलं निघालं. नुकती सुरुवात होती, पण होती. दादाने लांब स्क्रूंची पुडी उचलली आणि खिशात घातली. ठकीच्या जड हाताचा विषय त्यानंतर निघाला नाही.

फळी वाळवायलाच आठवड्यातला बराच वेळ गेला. वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर त्यात कामी आला आणि कायमचा कामातून गेला. मग राळ लावून प्लायवूडचे नवे तुकडे बसवले, वरून फायबरचं कापड चढवलं, घासून सपाट केलं. या वेळी स्क्रू नाहीत, आरपार बोल्ट. आणि आतून स्टीलची पट्टी, म्हणजे ओढ एका जागी न येता सगळ्या फळीवर पसरेल.

घोडं अडलं ते शेवटी. ठकीने भोकं पाडली, कड्या बसवल्या आणि दोन्ही कड्यांतून एक सरळ सळई घालून पाहिली. वरच्या कडीतून गेली, खालचीला अडली. केसभराचा फरक.

"थोडं ठोकलं तर जाईल," वहिनी म्हणाली.

"जाईल. पण मग सुकाणू घासत फिरेल, आणि आपण पुन्हा पाण्यात."

ठकीने दोन्ही कड्या काढल्या, भोकं राळेने बुजवली, सुकू दिली. दुसऱ्या खेपेला तिने आधी सळई दोन्ही कड्यांत घातली आणि तशाच कड्या फळीवर धरून खुणा केल्या. दादाने आत हात घालून नट धरले, वहिनीने भोकांत पाणबंद लुकण भरलं आणि ठकीने पाना फिरवला. सुकाणू बसवलं तेव्हा ते एका बोटाने फिरलं. वर उचललं जाऊन निसटू नये म्हणून तिने त्याला खटका लावला आणि एक दोरीही बांधली.

रविवारी वाऱ्याला जोर होता. दीपस्तंभापर्यंत सगळं सुरळीत झालं. वळताना लाटा मागून यायला लागल्या आणि दांडा हातात फुरफुरू लागला.

"मागे काही हलतंय का?" ठकी ओरडली.

"तू पुढे बघ!" वहिनी ओरडली, आणि त्याच क्षणी वाऱ्याचा आडवा झोत आला. शीड पाण्याला टेकलं. होडी उलटली.

ठकी पाण्यातून वर आली ती थेट होडीच्या मागच्या बाजूला. पालथ्या पडलेल्या होडीवर सुकाणू जागच्या जागी उभं होतं, ताठ. तिने दोन्ही हातांनी ते धरून हलवलं. कड्या हूं की चूं करेनात.

"काय गं, हसतेस काय? बुडतोय आपण!" वहिनी तोंडातलं पाणी थुंकत म्हणाली.

"नाही बुडत. चल, सरळ करू तिला."

दोघींनी तळाच्या पात्यावर उभं राहून होडी सरळ केली. ठकी आत चढली, दांडा धरला, आणि होडी लगेच वळली. बाकीच्या होड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. या दोघींच्या मागे उरल्या दोनच, त्यातली एक दोरी गुंतून बसलेली.

किनाऱ्यावर दादा काठी टेकत आला. नंबर कितवा, हे त्याने विचारलं नाही. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीच्या टोकाने त्याने सुकाणूला एक ढोसणी दिली, मग दुसरी.

"उलटलात म्हणे?"

"उलटलो. आणि सगळं घेऊन परत आलो."

"हं." त्याने शेजारच्या पिवळ्या होडीकडे पाहिलं. तिचा मालक शीड गुंडाळत होता. "त्यांच्या खालच्या कडीच्या स्क्रूंभोवती तपकिरी ओघळ दिसतोय बघ."

ठकीने केस पिळले, पेटीतून पेचकस काढला आणि ओल्या कपड्यांनीच पिवळ्या होडीकडे निघाली.