स्वतःच्या साडीतला फोटो

"हा?" मिनलने मोबाईल सासऱ्यांपुढे धरला.

"त्यात ती नर्स आहे," जयसिंग म्हणाले.

"मग हा बघा. किती शांत दिसतायत आई."

"मेलीय ती त्यात. पुढच्या मिनिटाला चादर ओढतात अंगावर."

मिनलने हसू दाबायला ओढणी तोंडावर धरली. पण जयसिंगच आधी हसले, मग तिनेही ओढणी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी रविवारी जयसिंगांच्या बायकोचा, मंदाचा पहिला स्मृतिदिन होता. संत तुकाराम नगरच्या विहारात सगळं ठरलं होतं. भंतेजींना सांगून झालं होतं, खुर्च्या आल्या होत्या. अडलं होतं ते फ्लेक्सवर. कासारवाडीच्या शेखरने निरोप धाडला होता, की पाच वाजेपर्यंत फोटो द्या, नाहीतर मशीन बंद करून मी गावाला चाललो. आणि मंदाचे फोटो ढीगभर असूनही मंदाचा फोटो सापडत नव्हता.

बावीस वर्षं ती सिनेमात आणि मालिकांत कामं करत होती. सुरुवातही गमतीचीच. महिला मंडळाच्या बायकांबरोबर शूटिंग बघायला गेली होती. हवालदारीण होणारी बाई आलीच नाही, म्हणून कुणीतरी मंदाच्या अंगावर खाकी चढवली. तिथून ती थांबली नाही. कधी मोलकरीण, कधी सुईण, कधी कोर्टाबाहेर रडणारी आई. तिच्या पात्रांना नावं नसायची. एकदा पडद्यावर तिच्या नावापुढे 'शेजारीण दोन' अशी पाटी पडली, तर तिने घरी पेढे आणले होते.

घरी मात्र फोटोला उभी राहायची नाही. "दिवसभर लायटीतच असते, घरी तरी सोडा," म्हणायची. मुलाच्या, धम्मरत्नच्या लग्नातसुद्धा तिच्या केसांना पांढरा रंग होता, कारण दुसऱ्या दिवशी म्हातारीचा अर्धा राहिलेला सीन पुरा करायचा होता. वरमाईच्या फोटोत ती नवऱ्यामुलाची आजी दिसते.

"आधार कार्डावरचा घेऊ का?" मिनलने विचारलं.

"त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. मला मंदा पाहिजे, पोरी. फ्लेक्सवर दुसरीच कुणी बाई नको. उद्या लोक तिला बघायला येणार."

चाकणहून धम्मरत्नचा फोन आला. "पप्पा, कुठलाही एक द्या ना. मी ओव्हरटाइमला अडकलोय."

"कुठलाही नाही देणार," म्हणून जयसिंगांनी फोन ठेवला. घड्याळात साडेतीन झाले होते.

तेवढ्यात शेजारच्या शालनबाई पातेलं घेऊन आल्या. मूळच्या पिंपरी गावातल्या त्या, आणि मंदाची जिवाभावाची मैत्रीण. उद्याच्या खिरीसाठी त्यांनी घरचं दूध आणलं होतं.

"घावला का न्हाई फोटू?"

"नाही ना वहिनी. हा बघा, हार घातलेला."

शालनबाईंनी मोबाईल लांब धरून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्याच फोटूनं माझी फजिती केली व्हती."

ती फजिती सगळ्या कॉलनीला माहीत होती. एका मालिकेत मंदा नायिकेची मेलेली सासू होती. म्हणजे काम असं नव्हतंच, फक्त भिंतीवर हार घातलेला फोटो. शालनबाईंनी टीव्हीवर तो पाहिला आणि रडत, अनवाणी पळत आल्या. दार उघडलं ते मंदानेच, हातात लाटणं घेऊन.

"मला म्हनली कशी, शालन, तीन वर्सं झाली मला मरून, तू आत्ता आलीस व्हय? ये, पोळी खाऊन जा."

तिघंही हसली. मग शालनबाईंचा आवाज खाली आला. "गेल्या साली खरंच गेली, तवा बी मला वाटलं, शिरेलीतलं असंल. उठंल आत्ता."

मिनलने दूध तापायला ठेवलं.

शालनबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा फोटो बघू लागल्या. "समद्यात दुसऱ्याचीच लुगडी हायती बघा. येकात बी तिची सोताची साडी न्हाई."

जयसिंग ताडकन उठले.

"आहे! एकात आहे! मिनल, तो कामगारांवरचा सिनेमा शोध. आमच्या कंपनीच्या गेटवर शूटिंग झालं होतं तो."

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिनेमात संप मिटतो, पहिली पाळी सुटते आणि कामगारांच्या बायका गेटवर येऊन उभ्या राहतात, असा सीन होता. दिग्दर्शकाने बायकांना सांगितलं होतं, की घरातल्या साडीतच या. कामगार मात्र खरेच हवे होते. जयसिंगांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. पण त्यांनी साहेबराव नावाच्या दोस्ताशी पाळी बदलली आणि मंदाला पत्ता लागू दिला नाही. सुटायच्या आधी नळावर केस ओले करून भांग पाडला. साहेबराव म्हणाला, "भावा, शूटिंगला चाललास का मुलगी बघायला?"

गेट उघडलं. मंदाने आपल्या सिनेमातल्या नवऱ्याकडे, चिकटवलेल्या मिशीच्या एका नटाकडे, काळजीने बघायचं होतं. तिने बघितलंही. मग तिला गर्दीत जयसिंग दिसले आणि ती हसली.

"ओ बाई," दिग्दर्शक ओरडला, "तुमचा नवरा तो मिशीवाला!"

"नाही साहेब, माझा तो पलीकडचा. भांगवाला."

सगळं युनिट हसलं. सीन आणखी तीनदा घेतला. पण सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर पहिलाच होता, हसण्याचा.

मिनलला सिनेमा मोबाईलवर सापडला. पुढे सरकवत नेला, तेव्हा सव्वा तासावर ते गेट आलं. मंदा चार सेकंद दिसते. लवकर थांबवलं, की तिचे डोळे मिटलेले. उशीर झाला, की मिशीवाला मध्ये. सातव्या वेळी मिनलचं बोट बरोबर पडलं. हिरवी, बारीक फुलांची साडी, खांद्यावर पदर घट्ट घेतलेला आणि तोंडभर हसू.

"हीच," जयसिंग म्हणाले. "हीच मंदा."

"व्हय, हीच," शालनबाई म्हणाल्या. "ह्या साडीची मी गोधडीत पट्टी लावलीया."

पाचला दहा मिनिटं असताना जयसिंग आणि मिनल स्कूटीवरून शेखरच्या दुकानात पोचले. शेखरने फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून मान हलवली.

"काका, जरा पुसट येईल. आणि काकू बघतायत भलतीकडेच. फ्लेक्सवर कसं, समोर बघणारा फोटो लागतो. थांबा, डोळे सरळ करून देतो. एआय आहे माझ्याकडे, दोन मिनिटांचं काम."

"डोळ्यांना हात लावायचा नाही," जयसिंग म्हणाले.

"अहो, पण लोकांना वाटेल..."

"वाटू दे."

शेखरने मिनलकडे बघितलं. मिनल म्हणाली, "पप्पा म्हणतात तसंच ठेवा, दादा."

"बरं बाबा. आणि हा कोपऱ्यातला खांदा कुणाचा?"

"तिच्या मिशीवाल्या नवऱ्याचा," जयसिंग म्हणाले, "त्याला काढ."

रविवारी विहार भरला. वंदना झाली, भंतेजींनी चार शब्द सांगितले आणि मग लोक बोलायला उठले. रडायला म्हणून उठलेला प्रत्येक जण तिचं एखादं वाक्य म्हणूनच खाली बसत होता. कॉलनीला ती सगळी पाठ होती. रिक्षा चालवणारे कोंडीराम कमरेवर हात ठेवून नर्सच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर येतायत, गर्दी करू नका!" तर मागून चार बायका ओरडल्या, "गर्दी करू नका!" शालनबाईंनी हाराची गोष्ट पुन्हा सांगितली आणि लाटण्यापाशी आल्यावर भंतेजीही हसले.

जयसिंग पहिल्या रांगेत डाव्या हाताला बसले होते. समोर फ्लेक्सवर मंदा हसत होती. त्यांनी तिच्या नजरेचा माग काढला. ती उजवीकडे बघत होती, खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे.

ते उठले. प्लास्टिकची खुर्ची उचलून सगळ्यांच्या पुढून चालत गेले आणि खिडकीपाशी मांडली.

"पप्पा, तिथं ऊन येतंय," धम्मरत्न हळूच म्हणाला.

"येऊ दे."

त्यांनी तळहाताने केस बसवले, भांग नीट केला आणि तिच्यासमोर बसले.