अवघड जागेचं दुखणं

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे आपल्यात. म्हण करणाऱ्याचं नशीब बरं, त्याला निदान जावई मिळाला. आमच्या ह्यांच्या वाट्याला लेकच डॉक्टर आली. किमया, आमची एकुलती एक, इंदूरला एमडी आहे, आणि हे अरविंदराव, देवासच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सगळ्या कॉलनीत मिरवायचे, ‘हमारी बिटिया के हाथ में जस है, भिया!’ जस होतंच हो तिच्या हाताला. बापालाच ते घेता आलं नाही.

मागच्या वर्षी ह्यांना हार्टचा झटका आला. शुगर आधीपासून होतीच. किमयानं सगळी औषधं बदलली आणि एक नवी गोळी सुरू केली. ही साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि हृदयालाही आधार देते, म्हणाली. ‘बाबा, बाकी काही विसरलात तरी ही विसरू नका.’ ह्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

पुढच्या महिन्यात बघते तर काय, माणूस खुर्चीत धड बसेना. एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या. न्हाणीघरात गेले की नळ चालूच. मी विचारलं तर म्हणे घामोळ्या आल्यात. ऐन जानेवारीत! ‘थंडीत कसल्या हो घामोळ्या?’ म्हटलं, तर अंगावरच आले. शेवटी एक दिवस पलंगावर बसले आणि ढसाढसा रडायला लागले. लघवीच्या जागी खाज सुटली होती. कातडी लालभडक, चिरलेली, वर पांढरा थर. पाणी लागलं तरी आग व्हायची.

मग सुरू झाले घरगुती उद्योग. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, खोबरेल तेलात कापूर झाला, पावडरीचे डबेच्या डबे झाले. अहो, एकदा तर बादलीत फरशी पुसायचं औषध ओतून बसले आणि नंतर बोंबलत उठले. चौकातल्या मेडिकलवाल्यानं न बघता, न विचारता ट्यूब हातात ठेवली. ‘अंकल, ये लगाओ, दो दिन में साफ.’ दोन दिवस खरंच बरं वाटलं. मग दुपटीनं उसळलं आणि जांघेपर्यंत पसरलं.

मी म्हटलं, बास झालं, किमयाला फोन लावते. मोबाइल हातात घेतला तशी ह्यांनी माझं मनगट धरलं.

‘पोरीला हे असलं दाखवू मी?’

‘दाखवू नका. मी सांगते.’

‘जया, तुला किमयाची शपथ आहे.’

‘अहो, काहीतरीच काय बोलता! लेकराची शपथ घालतात का कोणी? बरं, दुसऱ्या डॉक्टरकडे तरी चला.’

‘इथले सगळे तिला ओळखतात. माझी पाठ वळली की पहिला फोन तिलाच करतील.’

तेही खोटं नव्हतं. दुसरी कुणाचीही शपथ मोडली असती मी, पण पोटच्या पोरीची? भुसावळची मी, देवासात चाळीस वर्षं काढली, कुठेही गेलं तरी ते एक भय मनातून जात नाही.

ह्यांचं डोकं मात्र कारखान्यातलं. खाज कधी सुरू झाली, त्याच्या आधी काय बदललं, असा हिशेब मांडला आणि गोळीवर बोट ठेवलं. गोळी बंद केली. आणि काय सांगू, पंधरवड्यात सगळं शांत! शिट्टी वाजवत फिरायला लागले. देवीच्या टेकरीच्या रस्त्यानं मित्रांबरोबर सकाळचं चालणं परत सुरू झालं. ‘बघ, डॉक्टरणीच्या बापालाही अक्कल आहे,’ मला म्हणाले. शपथ अर्थातच गोळीलाही लागू.

किमया रविवारी यायची. रिपोर्ट बघायची, कपाळाला आठी पडायची. शुगर वर का जातेय? मग फिरायची माझ्यावर. ‘आई, सच बता, पोहे-जलेबी चालूच आहे ना घरात?’ मी बोलणी खायची आणि हे पेपरमागे तोंड लपवून बसायचे. अस्सा संताप यायचा! ती गेली की मी ह्यांच्या फक्त पाया पडायचंच बाकी ठेवायची. ‘शपथ सुटली म्हणा हो एकदा.’ तर म्हणायचे, ‘अगं, ठणठणीत आहे मी.’

गणपती झाले आणि ह्यांचे पाय सुजले. चार पावलं टाकली की धाप लागायची. नवरात्रात एका सकाळी दात घासता घासता खाली बसले, त्यांना उठताच येईना. इंदूरला नेलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर किमया माझ्या शेजारी बसली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ‘आई, मीच चुकले,’ म्हणाली. ‘माझी सगळ्यात भरवशाची गोळी होती ती. बाबांना लागूच पडली नाही आणि मला ते कळलंही नाही. कसली डॉक्टर मी!’ दिवसभर पोरीनं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

मी उठून आत गेले. ह्यांच्या तोंडावर मास्क होता. कानाशी वाकून म्हटलं, ‘पोर स्वतःला खातेय हो. आता तरी सुटली म्हणा.’ ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. नाही म्हणून.

बाहेर आले आणि सांगून टाकलं सगळं. खाज, ट्यूब, शपथ, बंद केलेली गोळी. म्हटलं, आग लागो त्या शपथेला. बोलताना वर बघवत नव्हतं मला, माझी पोर असून.

तिनं डोळे पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, ‘साधी बुरशी होती, आई. लघवीत साखर उतरते ना, म्हणून होते. धुऊन कोरडं ठेवायचं, एक मलम लावायचं. गोळी बंद करायची गरजही पडली नसती.’

‘मग आता लाव ना मलम! गोळी सुरू कर!’

‘करीन. पण हृदय जेवढं गेलं तेवढं गेलं. आता घरी न्यायचं आणि जपायचं, जितके दिवस मिळतील तितके.’

माझा तोल सुटला. सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल अशी ओरडले मी. ‘असं होतं हे तुला ठाऊक होतं ना? मग गोळी देतानाच का नाही सांगितलंस गं?’

‘सांगते ना. प्रत्येक पेशंटला सांगते. म्हातारे असोत, तरुण असोत. तिथे खाज आली तर शरमाओ मत, सीधा फोन करो, म्हणते.’

‘आणि बाबांना?’

तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

‘बाबांना, आई? मी?’