मुशीतली टकटक

घरातली थोरली सून म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत. नवरा तांब्याच्या खाणीत गेला तो गेलाच. खालच्या बोगद्याचं छत बसलं, आतून काही काळ टकटक ऐकू आली, मग तीही थांबली. तेव्हापासून ती भंगाराच्या भट्टीवर होती. जळक्या तारा सोलायच्या, मुशीत वितळवायच्या, साच्यात ओतायच्या.

तांबं वितळू लागलं की तिला ती टकटक ऐकू यायची. भर दुपारी, भट्टीच्या घरघरीतूनही. घाबरायची, पण तेवढीच सोबत म्हणून गप्प राहायची.

एकदा जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, खालचा बोगदा पुन्हा उघडतायत. वरचं तांबं संपलं. मी नाव दिलंय."

तिने घास ताटात परत ठेवला. "उद्या आधी भट्टीवर या, भावजी."

तो आला. तिने तारांचा ढीग दाखवला.

"गाडीभर दगड फोडावा तेव्हा ओंजळभर तांबं. डोंगर पोखरून उंदीर. आणि डोंगर काही दरसाल नवं पीक देत नाही. हे मात्र कितीदाही वितळवा, तांबं ते तांबंच."

"सगळ्यांची गरज यात भागणार आहे का?"

"नाही. पण जेवढी भागेल तेवढी माणसं खाली उतरायची वाचतील."

मूस लाल झाली. दीर एकदम थबकला. "कोण ठोकतंय?"

ती झटकन त्याच्याकडे वळली. "तुम्हालाही येतंय ऐकू? तुमचा दादा आहे तो."

तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला. भावाच्या जोडीने त्याने वर्षानुवर्षं पहार मारली होती.

"नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला. "हा दादाचा हात नाही. आणि एकटा नाही. पुष्कळ जण आहेत."

ती ढिगाकडे बघतच राहिली. कुठकुठल्या डोंगरांतून आलं होतं हे सगळं, आणि त्या डोंगरांत किती जण आतच राहिले होते.

दिराने नाव मागे घेतलं आणि तिच्याशेजारी तारा सोलायला बसला. बोगदा उघडलाच, दुसरे उतरले. कुणी जुनी तार उकिरड्यावर टाकताना दिसलं की थोरली आडवी जायची, भांडून, हातापाया पडून ती घेऊन यायची. लोक हसायचे. ती कारण सांगत नसे.