सहा आणि सहा चौदा

“आजही चौदा. जाणं सहा, येणं सहा. मंग हे वरचे दोन कुठून येऊन राह्यले?”

असं पुटपुटणारा माणूस माझ्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. इतका जवळ, की त्याच्या तोंडातल्या तंबाखूच्या खर्र्‍याचा वास माझ्या मडगार्डला लागला. हा शाम. राखीचा बाप. रोज संध्याकाळी राखी कॉलेजातून आली, की तो तिच्याकडे बघायचा नाही. आधी माझ्याकडे यायचा.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. लेडीज, चोवीस इंची, एके काळी निळी. राळेगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर माझा मुक्काम आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण सुरू होते ती शाळेच्या मैदानापासून. लांबून येणाऱ्या मुलींसाठी ट्रक भरून आम्ही सगळ्या तिथे उतरलो होतो, हँडलला प्लास्टिक गुंडाळलेल्या. मी बबिताच्या वाट्याला आले. बबिता ही राखीची मोठी बहीण. तिने मला चालवलं त्यापेक्षा पाडलं जास्त. पण दसऱ्याला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं. मी जरा चढूनच गेले. मग दहावी झाली, बबिताची वरात केळापूरकडे गेली आणि मी कोठ्यात गेले. माझ्या बास्केटमध्ये कोंबडी अंडी घालू लागली. सोयाबीनची पोती माझ्यावर रेलून झोपू लागली. चेन गंजली. मला कोणी सायकल म्हणेना. ‘ते तिथं, सायकलच्या मागं ठेव’ एवढ्यापुरतं माझं नाव उरलं.

राखीने अकरावीला सायन्स घेतलं, तेव्हा मला बाहेर काढलं ते शामनेच. रॉकेलच्या फडक्याने चेन पुसली, नव्या ट्यूब घातल्या, सीटवर लेकीच्या जुन्या ओढणीची गादी बांधली. हे लक्षात ठेवा. माणूस वाईट नाही तो.

राखी माझ्यावर बसून मोठ्याने अभ्यास करायची. “समजा, एक सायकल एकसमान वेगाने सरळ रेषेत जात आहे.” मला हसू यायचं. गणितातली सायकल किती सुखी! तिला पंक्चर नाही, तिच्यामागे कुत्रं लागत नाही, समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत नाही. पुढे राखी अंतर आणि विस्थापन शिकली. अंतर म्हणजे जेवढं चाललो तेवढं सगळं. विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंत, सरळ. घरून निघून घरीच परत आलं, तर विस्थापन शून्य.

“दिवसभर राबा अन् विस्थापन शून्य,” ती घरी येऊन आईला म्हणाली. “याडी, हे तर तुह्यंच गणित आहे व!”

याडी म्हणजे आई. संगीता शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. ती हसली. तांड्यावर तेव्हा हसणं सोपं होतं.

मग पलीकडच्या तांड्यावरची एक पोरगी कॉलेजला गेली आणि तिने परस्पर लग्न केलं. आमच्या घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. फक्त शामने आपल्या वडिलांच्या, म्हणजे देवीलालच्या, मोडक्या उंच सायकलचा किलोमीटर मीटर खोलला आणि माझ्या पुढच्या चाकाला बसवला. “टायर किती चालते ते पाहू,” एवढंच म्हणाला. पत्र्याची छोटी डबी ती. आत आकडे. चाक एकदा फिरलं की चाकाच्या तारेवरची खुंटी डबीच्या दातावर आपटायची. टिक.

तेव्हापासून घरात सगळेच मोजू लागले. संगीता विचारायची, “क्लास कितीले सुटला?” आजी लालीबाई माझ्या बास्केटमध्ये हात घालून बघायची, जसं काही तिथे अजून अंडं असणार. शाम माझ्या टायरची माती नखाने उकरून पाहायचा, कोणत्या रस्त्याची ते. आणि कालचा आकडा वजा केला, की डबी रोज सांगायची चौदा. राखीचं कॉलेज राळेगावात, आणि तांड्याच्या फाट्यावर दगड आहे, ‘राळेगाव ६’. सहा आणि सहा बारा. दोन किलोमीटर जास्त.

खरं सांगते, मला माझाच संशय येऊ लागला. राखी क्लासात बसली की मी उभ्या उभ्या कुठे भटकून तर येत नाही ना?

शुक्रवारी माझ्याशेजारी उभं राहून शाम बायकोला हळूच म्हणाला, “सोमवारपासून सायकल कोठ्यात. पोरगी घरीच राहीन. परीक्षेपुरती जाईन.” संगीता आत वळली. पण राखी रांजणाशी हात धूत होती. पाणी तिच्या हातावरून तसंच वाहत राहिलं.

शनिवारी तिने मला अशी हाणली, की मैत्रिणीने हाक मारली तरी थांबली नाही. सरळ जाणं, सरळ येणं. अंगणात आल्यावर तिनेच वाकून पाहिलं. चौदा. ती माझ्याकडे बघत राहिली. “तू तं माह्याच संग होती ना व?” मला म्हणाली.

रविवारी सकाळी तिने पुस्तक उघडलं. गतीचा धडा नव्हे, त्याच्या आधीचा, मोजमापाचा. मोजण्याआधी मोजायचं साधन तपासा, असं सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि सगळ्यांनी लिहून घेऊन सोडून दिलं होतं. तिने माझ्या टायरवर खडूची रेघ ओढली आणि मला अंगणात चाक बरोबर एकदा फिरेल इतकंच चालवलं. याडीची शिलाईची टेप दोनदा जमिनीला लावली. दुसरं टोक संगीताने येऊन धरलं, न विचारता. एक मीटर एक्क्याण्णव. मग मला उलटं करून सीटवर उभं केलं आणि हाताने चाक फिरवत राखी मोजू लागली. पंचेचाळीस फेऱ्यांना डबीचा शेवटचा आकडा सरकला. म्हणजे डबी म्हणाली, शंभर मीटर झाले.

“एका फेऱ्याचं माप गुणिले पंचेचाळीस. गुणाकार कर, बा,” राखी दारातून पाहणाऱ्या शामला म्हणाली.

शामने मोबाईलवर केला. शंभर कुठले, शहाऐंशीही भरेनात.

“त्याच हिशोबानं चौदा किलोमीटरचे किती झाले?”

शामने पुन्हा बोटं चालवली. “बारा,” तो म्हणाला. आणि परत एकदा, हळू, “बारा.”

राखीने रॉकेलच्या फडक्याने डबीची पाठ घासली. मळाखाली आकडा होता, २८. माझ्या टायरवर २४. देवीलालच्या उंच सायकलचं चाक मोठं. एका फेऱ्यात ते जास्त जायचं. डबी बिचारी अजून त्याच चाकाचा हिशोब सांगत होती.

“हात् तेरी! मीटरच बेइमान निंगालं!” शाम जोरात हसला. लालीबाई हसली. “ह्या घरातलं सारं जुनं सामान असंच खोटं बोलते,” असंही म्हणाली. “जाय बाई सोमवारी कॉलेजात,” असं म्हणून शाम पाना घेऊन माझ्याशी बसला आणि घाईघाईने नट फिरवू लागला.

राखी हसली नव्हती.

“मीटर चुकलं, ते समजलं. पण बा, लावलं कायले होतं?”

“सांगतलं ना. टायरचं...”

“टायरसाठी?”

पाना थांबला. शामने लालीबाईकडे पाहिलं. लालीबाईने कोंबड्यांकडे पाहिलं.

मित्रांनो, मी लोखंडाची जात, माझं मागणं थोडं आहे. महिन्यातून एकदा चेनला तेल घाला. मला पावसात उभी ठेवू नका. आणि माझ्यावर काही बसवायचंच असेल, तर घंटी बसवा, दिवा बसवा. वाटेवरच्याला कळेल, की कोणी येतंय. न बोलता मोजणारं काही बसवू नका. त्याचं ओझं पायडल मारणाऱ्याच्या पायांना लागतं. मला विचारा, ते पाय माझ्यावर होते.

अंगणात संगीता टेप बोटांवर गुंडाळत होती. शेवटचं टोक आत खोचून तिने मान वर केली.

“मीटर सायकलले नव्हतं लावलं,” ती म्हणाली. “पोरीले लावलं होतं. आपण साऱ्यायनं.”